मसुदा चौथा

तिसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं :
भावना म्हणजे व्यक्तीच्या आत घडणारा,
काही क्षण टिकणारा,
मोजता येण्याजोगा बदल.
‘काही क्षण’वरून आम्ही दोन आठवडे भांडलो.
‘आत’वर कोणीच काही बोललं नव्हतं.

तो मसुदा, दोन वायरी आणि जेलची ट्यूब घेऊन
आम्ही झुगदिदीच्या पलीकडे गेलो,
हेझलनटच्या बागा संपतात तिथल्या गावी.
तिथे त्सियाला जोजुआ राहते.
त्सियाला रडते.
म्हणजे, तिला रडायला बोलावतात.
पस्तीस वर्षं, मयतामागून मयत,
ओळखीचं असो नसो.
पैसे घेते, कधी नुसतं चीज, कधी एखादी कोंबडी.

आमच्या फॉर्मवर दोन चौकोन : खरी. बतावणीची.

मयताच्या घरी वायरी लावू देणार नाही म्हणाली.
“गेलेल्याला काय वाटेल?”
मेराबने हे लिहून घेतलं, मग खोडलं.
शेवटी शाळेच्या रिकाम्या वर्गात आली.
फळ्यावर कालचे अपूर्णांक तसेच.
पहिलीतल्या पोरांच्या बाकावर बसली, गुडघे वर,
अंगठीचं माप द्यावं तशी
दोन बोटं पुढे केली.

“कोणासाठी रडू?”
कोणासाठीच नाही, मेराब म्हणाला. नुसतं रडा.
ती हसली. पडद्यावरची रेघ जरा हलली.
“नुसतं रडायला मी काय तान्हं मूल आहे?
नाव सांगा.”

तोंडाला आलं ते नाव त्याने सांगितलं : गोचा.
“उंच होता?”
हो. असेल. दारातून वाकून यायचा एवढा.
“खायला काय आवडायचं?”
गोमीची खरवड. भांड्याच्या तळाची, करपलेली.
“मागे कोण आहे?”
इथे मेराब थांबला.
मी वहीत वेळ लिहिली : अकरा बावीस.
आई, तो म्हणाला. आणि मी. मी तेव्हा बटुमीला होतो.
पोचलो नाही.

त्सियालाने डोक्याचा रुमाल सोडला
आणि सुरू केलं.
तिची मिंग्रेली मला अर्धीच कळते.
करपलेलं भांडं कळलं.
दाराची चौकट कळली, चौकटीला ती रागे भरत होती :
आता तू कोणासाठी गं एवढी बुटकी राहणार?

पडद्यावर तिची रेघ
लापशी ढवळावी तशी संथ, एका लयीत.
श्वास मोजका. बोटांना घाम नाही.
बतावणी, कोणीही म्हणेल.
आणि पाणी मात्र गालांवरून हनुवटीपर्यंत.

मेराब सिगारेट ओढून येतो म्हणाला.
पाकीट टेबलावरच राहिलं.
खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती,
अक्रोडाला टेकलेली, थरथरणारी.
पाठीला वायर लावायची सोय आमच्याकडे नव्हती.

तुम्हाला आत काय वाटत होतं? मी विचारलं.
एक ते सात यांत सांगा.
“मलाच वाटत बसलं तर सूर कोण धरणार?
एकाला पाय रोवून उभं राहावं लागतं, पोरी.
तेव्हा कुठे दुसऱ्याला कोसळता येतं.”
मग बोटांवरचं जेल पुसता पुसता तिने हुंगलं.
भेगांना चालतं का हे, विचारलं.
मी अख्खी ट्यूब देऊन टाकली.
दोन्ही चौकोनांत खूण केली,
मग वाटलं, हे चूक,
मग तसंच ठेवलं.

परतीच्या गाडीत मेराबने मसुदा काढला.
‘व्यक्तीच्या आत’ एवढंच खोडलं.
त्या जागी काही लिहिलं नाही.
सेनाकी गेलं. सामत्रेदिया गेलं.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
मी त्याला किती उंच म्हणालो होतो?

मी वही उघडली, फोनचा उजेड धरला :
दारातून वाकून यायचा एवढा.

हो, तो म्हणाला.
तेवढाच होता.